माउंटखालचा धाकटा

आमच्या दुकानात फोटोला माउंट लावायची सुरुवात एका मिशीपासून झाली.

लग्न होऊन मी वसईहून भाईंदरला आले, तेव्हा स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर माझ्या नवऱ्याचं चौकटींचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला टेकवून ठेवलेल्या नक्षीच्या लाकडी पट्ट्या, खाली भुसा, मध्ये कामाची एक लांब फळी, आणि मागं पडदा. पडद्याआड लगेच आमची चूल. गिऱ्हाइकं यायची ती बहुतेक तसबिरी घेऊन. हिंदू लोक देवांच्या आणायचे, समुद्रकाठच्या उत्तनकडचे ख्रिस्ती लोक सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, आणि संतांच्या. माणसांचे फोटो क्वचित. फोटो काढायचा तर वसईला नाहीतर मुंबईला जावं लागे, आणि आरशात रोज फुकट दिसतंय ते बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, असा साधा हिशेब होता.

मिठागरावरचा एक मुकादम मात्र हौशी निघाला. कोट-टोपी चढवून, मिशीला पीळ देऊन त्यानं मुंबईत फोटो काढून घेतला आणि आमच्याकडे चौकटीला आणला. ह्यांनी देवाच्या तसबिरीसारखाच तो थेट काचेला भिडवला, मागून फळी ठोकली, आणि मुकादम खूश होऊन घरी गेला.

आमच्याकडची हवा ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. एका अंगाला खाडी, बाकीच्या अंगांना मिठागरं आणि भरतीचं पाणी शिरणारं खाजण. पापडसुद्धा वर्षातले चार महिने वातड. आता भराव घालून उभ्या राहिलेल्या शांती नगरातले लोक भिंतीला ओल येते म्हणून माझ्यापाशी कुरकुरतात. त्यांना मी सांगते, बाबांनो, तुमच्या बैठकीच्या खोलीखाली खाजण आहे, ओल येणार नाही तर काय. तर त्या हवेनं पावसाळाभर आपलं काम केलं, आणि दसऱ्याच्या सुमाराला मुकादम दुकानात आला. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात काच.

"मिस्त्री," तो शांतपणे म्हणाला, "मी इकडे आहे आणि माझी मिशी तिकडे आहे. आता काय करायचं?"

खरंच तसं झालं होतं. फोटो काचेला चिकटला होता, आणि सोडवताना नाकाखालचा भाग काचेवरच राहिला होता. ह्यांनी त्याची माफी मागितली, नवा फोटो काढून आणाल तर चौकट माझ्याकडून, असं कबूल केलं. मग वसईच्या एका फोटोवाल्याला विचारलं, तेव्हा कळलं की फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठा घालायचा असतो. पुठ्ठ्याला मधोमध चौकोनी खिडकी कापायची, फोटो त्या खिडकीतून दिसतो आणि काचेला शिवत नाही. त्याला म्हणायचं माउंट.

ह्यांचा हात लाकडावर देवासारखा चालायचा. कोपरे असे जुळायचे की केस जाणार नाही. पण पुठ्ठ्यावर सुरी टेकवली की ती हमखास कुठंतरी भलतीकडे जायची. पहिली खिडकी एका बाजूला फुगली, दुसरीचे कोपरे फाटले. तिसरीच्या वेळी मी पडदा बाजूला केला आणि म्हटलं, "अहो, सरका."

यात माझं कौतुक काही नाही. माझे वडील वसईला पुस्तकं बांधायचे. पुठ्ठा, खळ आणि पुठ्ठा कापायची रापी यांच्यातच मी लहानाची मोठी झाले होते. रापी सरळ धरली तर कड नुसती कापली जाते, जराशी तिरकी धरली तर कडेला आतला पांढरा रंग दिसतो आणि खिडकीला आपोआप बारीकशी किनार येते. मी तशी खिडकी कापून दाखवली.  फळीवरची आपली पटाशी आणि रंधा उचलून ह्यांनी अर्धी फळी मला मोकळी करून दिली. तेव्हापासून लाकूड आणि काच त्यांची, पुठ्ठा आणि फोटो माझा.

खळ मी घरीच शिजवायची, मैद्याची. तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायची म्हणजे कसर लागत नाही. फोटो डकवला की दाबायला वजन हवं, ते वजन म्हणजे आमचा पाटा. फोटो पाट्याखाली असला की त्या दिवशी चटणी नाही. जेवायला बसल्यावर हे ताटाकडे बघून विचारायचे, "आज कोणाचा फोटो आहे?"

मुकादमाची मिशी माउंटमागे सुखरूप राहिली तशी बातमी पसरली, आणि माणसांचे फोटो येऊ लागले. त्यांतच एक दिवस उत्तनहून तो लग्नाचा फोटो आला.

घेऊन आला होता एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, उन्हानं रापलेला. बरोबर त्याची बायको. ती आमच्या ओळखीची होती. सुके बोंबील घेऊन ती भाईंदरच्या बाजाराला यायची आणि परत जाताना आमच्या ओट्यावर टेकून पाणी प्यायची. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. वसईचा फोटोवाला आपला तीन पायांचा कॅमेरा आणि काळं कापड घेऊन उत्तनला गेला होता, आणि चर्चमधून आल्यावर त्यानं सगळ्या घराचा एक मोठा फोटो काढला होता.

मेणकापड सोडून तांडेलानं तो फळीवर ठेवला. सुरेख फोटो होता. मध्ये नवरानवरी, डावीकडे तांडेल आणि त्याची बायको, खाली पोरंबाळं. उजव्या टोकाला खुर्चीवर तांडेलाची म्हातारी आई, लुगडं नेसलेली, कानांत सोन्याच्या जड कुड्या. तिच्या मागं, थोडा बाहेरच्या अंगाला, एक उंचापुरा माणूस उभा.

तांडेलानं त्या माणसावर बोट ठेवलं. "ह्याला कापून टाक."

"कोण हे?" मी विचारलं.

"कोन न्हाय."

त्याची बायको पदराआडून म्हणाली, "धाकटा दीर हाय माजा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. म्हणजे तिनं सांगितलं आणि तांडेल छताकडे बघत राहिला. दोघे भाऊ एकाच होडीवर जायचे. थोरला तांडेल, धाकटा त्याच्या हाताखाली. लग्नात जेवणं झाल्यावर गाणी झाली, थट्टामस्करी झाली, आणि धाकट्यानं जरा चढलेल्या आवाजात सगळ्या वऱ्हाडासमोर सांगितलं, "आमच्या दादाची होडी वाऱ्यावर न्हाय चालत, आयच्या प्रार्थनेवर चालते." मांडव हसला. नवऱ्या मुलाकडचे तर फारच हसले. तांडेलाला एक वेळ चोर म्हणा, तो सोडून देईल. पण त्याला वारा कळत नाही, असं त्याच्या व्याह्यासमोर म्हणायचं म्हणजे काही उरलंच नाही. थोरला त्या दिवसापासून धाकट्याशी बोलला नव्हता. धाकटाही ताठ. तो दुसऱ्याच्या होडीवर जायला लागला, आणि एकाच अंगणातल्या दोन घरांची तोंडं दोन दिशांना झाली.

"मिस्त्री, तुमच्याकडे करवत हाय, कातर हाय," तांडेल ह्यांना म्हणाला. "एवढा तुकडा कापा, झालं."

हे गिऱ्हाइकाला नाही म्हणत नसत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फोटो मी कापणार नाही. कापलेला फोटो पुन्हा जोडता येत नाही. पण ह्यांना झाकून देते. माउंटची खिडकी अलीकडे घेते, म्हणजे ते पुठ्ठ्याखाली जातील. फोटोही शाबूत, आणि दिसणारही नाहीत."

"आनि कोनी काच काडून बघितला तर?"

"काच काढायला मिस्त्रीच लागेल."

त्यानं विचार केला. "बरं. पन पक्का झाक."

ते दोघं गेल्यावर मी पुठ्ठा घेतला, मापं टाकली, खिडकी कापली आणि फोटोवर ठेवून बघितली. धाकटा झकास झाकला गेला होता. डोकं नाही, खांदा नाही, पायाचं बोटसुद्धा नाही. फक्त त्याचा एक हात राहिला होता.

फोटो काढताना धाकट्यानं हात आईच्या खांद्यावर ठेवला होता. आता म्हातारीच्या खांद्यावर कोटाच्या बाहीसकट एक हात आला होता आणि त्याच्यामागं सगळा कोरा पुठ्ठा. पुठ्ठ्यातून कोणीतरी हात बाहेर काढून तिला थोपटतंय, असं वाटत होतं. मी ह्यांना हाक मारली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "खिडकी अजून अलीकडे घेता येईल?"

"घेतली तर म्हातारीचा खांदा जातो, आणि एक कान."

ह्यांनी तांडेलाला निरोप धाडला. तो पुढच्या बाजाराच्या दिवशी आला, हाताकडे बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, आणि शेवटी म्हणाला, "ऱ्हाऊ दे. हाताला कोन वळखतो?"

फोटो मी पुठ्ठ्याला सबंध डकवला नाही. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्या लावून नुसता टांगला. एवढा मोठा फोटो सगळा चिकटवला की दमट हवेत पुठ्ठा एकीकडे ताणतो, फोटो दुसरीकडे, आणि माणसांच्या तोंडांवर सुरकुत्या येतात. तांडेलालाही मी तसं सांगितलं, आणि वर म्हटलं, "उद्या मन बदललं तर सोडवायलाही सोपं." तो म्हणाला, मन बदलायला ते काय शीड आहे.

एवढी मोठी काच नेऊन पोचवायची म्हणून आम्ही दोघंही बैलगाडीनं उत्तनला गेलो. मुर्धा, राई ही गावं मागं पडेपर्यंत रस्ता बरा होता, पुढं गाडी अशी काही हलायला लागली की मी चौकट मांडीवर घेऊन, गोधडी खाली घालून, तान्ह्या मुलासारखी सांभाळत बसले. हे मागे वळून सारखे विचारत, "आहे ना?" मी सांगत होते, "आहे."

तांडेलाच्या घरी सगळे जमले होते. ह्यांनी भिंतीत खिळा ठोकला, चौकट लावली, दोन पावलं मागं येऊन डावीकडे जरा उचलली. पोरं आपापली तोंडं शोधत होती. म्हातारी खुर्चीवरून उठली, काठी टेकत भिंतीजवळ गेली आणि काचेला नाक लागेल इतक्या जवळून तिनं फोटो बघितला.  तांडेल दारात जाऊन समुद्राकडे बघत उभा राहिला.

म्हातारी वळून मला म्हणाली, "बाय, हात चांगला आलाय."

आणि ती जाऊन पुन्हा आपल्या जागेवर बसली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात शेजारची एक बाई आत आली, फोटोजवळ गेली आणि म्हणाली, "बोट बघ ना. हा तर धाकट्याचा हात."

ते आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या हाताचं पहिलं बोट पेराएवढं तुटकं होतं. भाईंदरला ते कोणाला ठाऊक असणार. उत्तनला मात्र पोराटोरांना माहीत होतं.

"त्याचाच," म्हातारी म्हणाली. "बोट कसा तुटला, ठावं हाय ना?" आणि बाईला ठाऊक असूनही म्हातारीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. भाऊ लहान होते. थोरला होडी ओढायचा दोर ताणत होता, धाकट्यानं मध्येच कप्पीत बोट घातलं. रक्ताची धार लागली. थोरल्यानं त्याला पाठीवर घेतलं आणि वाळूतून पळत पाद्रीबाबांकडे नेलं. "धाकटा रडत नव्हता," म्हातारी म्हणाली. "थोरलाच रडत होता. पाद्रीबाबांना वाटला, ह्यालाच लागलाय. आदी ह्याचाच हात बघितला."

दारात उभ्या असलेल्या तांडेलाचे कान लाल झाले होते. आम्ही चहा घेतला आणि निघालो. परतीच्या वाटेवर गाडी रिकामी होती, तरी हे सवयीनं मागं वळून बघत होते. राई गाव आल्यावर म्हणाले, "म्हातारी हुशार आहे."

किती हुशार, ते पुढं कळत गेलं. तांडेलाची बायको बाजाराला आली की आमच्या ओट्यावर बसून सांगायची. म्हातारीनं आपली खुर्ची बरोबर फोटोखाली नेली होती. लग्नाचा फोटो लागलाय म्हटल्यावर गावातलं एकेक माणूस बघायला येई. येणारा विचारी, हा हात कोणाचा. म्हातारी मुलाला एक शब्द वाईट बोलत नसे. नुसती बोटाची गोष्ट सांगे. कप्पी, दोर, वाळू, पाद्रीबाबा, आणि थोरला कसा रडला. तांडेल जाळं विणत कोपऱ्यात बसलेला असे. सुरुवातीला तो उठून जाई. मग येणारे त्यालाच विचारायला लागले, "खरंच रडला होतास तू?" लग्नातली थट्टा लोक विसरले आणि ही नवी धरून बसले.

नाताळ झाल्यावर तांडेल एकटाच दुकानात आला. चौकट काखेत.

"वयनी, हा हात झाकून दे."

मी चौकट उघडली नाही. काचेवरच कागदाची पट्टी धरली आणि ती हळूहळू आत सरकवत नेली. हात झाकला गेला तेव्हा म्हातारीचा एक खांदा, एक कुडी आणि अर्धा गाल गेला होता. उरलेला एक डोळा पट्टीच्या कडेनं आमच्याकडे बघत होता.

"दाराआडून बघतेय," हे म्हणाले.

तांडेलालाही ते दिसलं. त्यानं माझ्या हातातली पट्टी मागं सरकवली. "मग हातावर फूल काडा. मोठा गुलाब."

ह्यांना ही कल्पना आवडली. देवांच्या तसबिरींची उडालेली किनार ते रंगवून द्यायचे, त्यामुळे आपल्याला चित्र येतं असा त्यांचा समज होता. पातळ कागद काचेवर ठेवून त्यांनी पेन्सिलीनं गुलाब काढला. पाकळ्यांवर पाकळ्या काढत गेले. तांडेलानं मान तिरकी करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं बघितलं.

"हा कोबी हाय," तो म्हणाला.

मला हसू आवरेना. मी पडद्याआड गेले आणि चहा ठेवला. बाहेर आले तेव्हा कागद फळीखाली गेला होता. चहा पिताना तांडेल आपणहून म्हणाला, "मी रडलो होतो. पन पाद्रीबाबांनी माजा हात बघितला न्हाय. ते आय लावते मागून." मी म्हटलं, "आया लावतातच." चौकट तशीच घेऊन तो परत गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती चिखलाची गोष्ट झाली. आम्ही ती पाहिली नाही, पण तांडेलाच्या बायकोनं ती इतक्यांदा सांगितली की आता पाहिल्यासारखीच वाटते. तांडेल सुक्या मासळीनं भरलेली होडी घेऊन खाडीतून भाईंदरच्या बंदराकडे येत होता. बरोबर दोन गडी होते, मासळी चांगली होती, आणि त्याला जरा घाई होती. ओहोटी लागली होती. एरवी लांबून घ्यायचा तो वळसा त्यानं जवळून घेतला, आणि होडी गाळात रुतून बसली. भरदिवसा, जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या होड्यांच्या समोर.

लोक लांबून हाका मारत पुढं जात होते. मागून धाकटा ज्या होडीवर काम करायचा ती आली. तिनं दोर टाकला, दोन्हीकडून जोर लावला, पण होडी हलली नाही. भरतीची वाट बघण्याला पर्याय नव्हता. दुसऱ्या होडीला थांबता येईना, तिची मासळी ताजी होती. तेव्हा धाकटा कोणाला काही न विचारता आपल्या फडक्यातली भाकरी घेऊन पाण्यात उतरला, गुडघाभर चिखल तुडवत भावाच्या होडीवर चढला आणि पुढच्या टोकाला जाऊन बसला. थोरला मागच्या टोकाला. मध्ये बोंबील आणि दोन गडी.

ऊन डोक्यावर आलं. गडी सांगत होते की दोघे भाऊ दोन दिशांना बघत होते आणि बगळे होडीभोवती चालत होते. दुपारी धाकट्यानं फडकं सोडलं, भाकरीचे दोन भाग केले, आणि एक गड्याच्या हाती मागं धाडला. थोरल्यानं तो घेतला, खाल्ला, आणि मग इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा धाकट्याला ऐकू जाईल असं बोलला.

"भाकर जाड हाय."

धाकटा म्हणाला, "मीच केली. बायको माहेरी गेलीय."

"भाजली पन न्हाय नीट."

"तू शिकव मग."

एवढंच. भरती येईपर्यंत ते आणखी काय बोलले ते गड्यांनाही सांगता आलं नाही, कारण तोवर गडी झोपले होते. होडी तरंगली तेव्हा सुकाणू धाकट्याकडे होतं आणि थोरला त्याला कुठं वळायचं ते सांगत होता. धाकटा म्हणे दोनदा "गप बस" म्हणाला, आणि थोरला दोन्ही वेळा गप बसला.

संध्याकाळी मी दिवा लावत होते तेव्हा ते दोघं दुकानात आले, होडी ढकलताना कमरेपर्यंत चिखलानं माखलेले. धाकट्याला मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. मी नकळत त्याच्या बोटाकडे बघितलं. त्यानं ते लगेच ओळखलं आणि हात वर करून दाखवला.

"हाच तो," तो म्हणाला.

तांडेल म्हणाला, "पुढच्या बाजाराला फोटो आनतो. खिडकी मोठी करा."

आठवडाभरानं दोघे फोटो घेऊन आले. त्या वेळी दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती आणि जाड पुठ्ठा मुंबईतसुद्धा मिळेनासा झाला होता. मी तोवर कापडाच्या तागांतले पुठ्ठे मागून आणून काम भागवत होते. पण इथं नव्या पुठ्ठ्याची गरजच नव्हती. माउंटची खिडकी लहान करायची तर दुसरा पुठ्ठा लागतो, मोठी करायची तर आहे तोच पुरतो. हे मी तांडेलाला सांगितलं तेव्हा त्याला फार बरं वाटलं. आपण काहीतरी शहाणपणाचंच केलं होतं, असा त्याचा चेहरा झाला.

ह्यांनी मागची फळी काढली. मी फोटो वर उचलून धरला, पुठ्ठ्यावर नवी रेघ मारली आणि रापी तिरकी धरून उजवीकडची कड कापून काढली. दोघे भाऊ श्वास रोखून बघत होते. पुठ्ठ्याचा तुकडा सुटला, मी फोटो खाली सोडला, आणि धाकटा खिडकीत आला.

त्याचे डोळे मिटलेले होते.

मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फोटोवाल्यानं हलू नका म्हटल्यावर सगळ्या घरानं डोळे ताणून धरले होते, आणि नेमक्या वेळी ह्याच्या पापण्या पडल्या होत्या. तोंडही थोडं उघडं. उभ्या उभ्या झोप लागलेला माणूस दिसत होता. पण झाकायच्याच माणसाचं वर्णन मी कशाला करू.

धाकटा फोटोवर वाकला. "हा मी हाय?"

"तूच," तांडेल म्हणाला.

"असा दिसतो मी?"

"झोपेत असाच दिसतो."

धाकटा माझ्याकडे वळला. "वयनी, झाका मना परत. होतो तसाच बरा होतो."

"आता नाही झाकता येणार," मी म्हटलं. "पुठ्ठा नाही."

तांडेल इतका हसला की त्याला फळीला धरावं लागलं. मी त्याला त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. हसून झाल्यावर त्यानं डोळे पुसले आणि ह्यांना म्हणाला, "ठोका फळी. लवकर ठोका, न्हाय तर पळवंल तो फोटो." खिडकी आता उजवीकडे सरकलेली होती, एका बाजूला रुंद पट्टी आणि दुसऱ्या बाजूला बोटभर. मला ते डोळ्यांत खुपत होतं. पुठ्ठा मिळाला की नवीन करून देते, असं मी म्हटलं, पण तांडेलाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

भांडण मिटलं म्हणून होडी पुन्हा एक झाली, असं मात्र नाही. धाकट्याला दुसऱ्या होडीवर गोडी लागली होती, आणि थोरल्यालाही मागं उभा राहून वाऱ्याबद्दल बोलणारा माणूस नको होता. दोघे वेगळेच जात राहिले, आणि संध्याकाळी एकाच अंगणात बसून दिवसभराचा वारा एकमेकांना सांगत राहिले. त्यात एकाचं दुसऱ्याला कधी पटलं नाही, असं तांडेलाची बायको सांगायची. पण ती आता बोंबलांच्या टोपलीशेजारी बसून हसत सांगायची.

आमच्या धंद्यावर ह्याचा निराळाच परिणाम झाला. उत्तनपासून चौक गावापर्यंत कळलं की भाईंदरची वयनी माणसं झाकून देते. मग एकेक येऊ लागले. एकीला जाऊ झाकायची होती, एकाला सासरा. मी सगळ्यांना सांगायची की झाकते, पण फोटो कापणार नाही आणि चिकटवणारही नाही. काहींना ते आवडायचं नाही, ते तसेच परत जायचे. काहीजण झाकून नेत आणि वर्ष-दोन वर्षांनी उघडून घ्यायला येत. काही कधीच आले नाहीत. ते फोटो आता कुठं असतील आणि त्यांच्या पुठ्ठ्याखाली कोण असेल, मला माहीत नाही.

लढाई संपल्यावर एकदा तांडेलाची आई स्वतः दुकानात आली. मुलाच्या होडीतून बंदरापर्यंत, आणि तिथून काठी टेकत. मी तिला आत बसवलं, चहा दिला. फोटो कसा आहे विचारलं.

"हाय तसा हाय," ती म्हणाली. "पन आता हात कोनाचा ते कोन इचारत न्हाय, बाय. सगळी मानसं दिसतात, मग काय इचारतील. येतात, बघतात आनि जातात."

तिनं बशीतला चहा संपवला, फळीवर पडलेली रापी उचलून तिची धार अंगठ्यानं पाहिली, आणि मला विचारलं, आज काय कापतेस. एका शाळामास्तरांचा फोटो होता. मी खिडकी कापेपर्यंत ती शेजारी बसून राहिली आणि मधूनच सांगत राहिली, अजून जरा तिरकी धर.